चर्चचे संकेतस्थळ कोणासाठी?

एखाद्या चर्चचे संकेतस्थळ उघडले की बहुतेक वेळा सारखेच दृश्य दिसते. वर वेदीचे किंवा दर्शनी भिंतीचे भव्य छायाचित्र, खाली धर्मगुरूंचा संदेश, त्याखाली दोन वर्षांपूर्वीच्या सणाचे फोटो. रविवारच्या मिस्साची वेळ मात्र चार ठिकाणी बोट दाबूनही चटकन सापडत नाही. यावर उपाय म्हणून नवा आराखडा, नवे रंग, हलणारी चित्रे सुचवली जातात आणि सगळा प्रश्न संगणकवाल्यांकडे सोपवला जातो. खरे तर हा प्रश्न संगणकाच्या आधीचा आहे. चर्चने स्वतःची ओळख बाहेरच्या माणसाला कशी करून द्यावी, याचे प्रयोग गोवा, वसई, मुंबई आणि अहमदनगर या पट्ट्यात चारशे वर्षांहून अधिक काळ चालले आहेत. काही साधले, काही फसले. त्यांचा हिशेब मांडला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. चर्चच्या आतले काहीच ठाऊक नसलेला वाचक डोळ्यांपुढे ठेवून जे माध्यम घडवले गेले ते टिकले, लोकांनी ते आपले मानले. आपल्याच मंडळींना दाखवण्यासाठी किंवा वरिष्ठांना खूश करण्यासाठी जे घडवले गेले त्याची मजल तेवढ्या वर्तुळापलीकडे गेली नाही. चांगले संकेतस्थळ कसे असावे याचे उत्तर या इतिहासातच आहे, असे माझे म्हणणे आहे.

छापखाना येण्यापूर्वी चर्चची माध्यमे मोजकीच होती: घंटा, दार आणि धर्मगुरूचा आवाज. घंटेने वेळ सांगितली, मरण कळवले, सणाची वर्दी दिली. तिची भाषा शिकावी लागत नव्हती आणि ऐकणारा ख्रिस्ती आहे की नाही हे ती विचारत नव्हती. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यानंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा विजयचिन्हे म्हणून घाटावर गेल्या. नाशिकचे नारोशंकर मंदिर, भीमाशंकर, वाईजवळचे मेणवली इथल्या घंटा त्यांतल्याच मानल्या जातात. घंटेचा धर्म बदलला, काम बदलले नाही. चर्चचे दार आणि त्यातून होणारी जाहीर घोषणा हे दुसरे माध्यम. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरवले की लग्न लागण्यापूर्वी वधूवरांची नावे तीन सणवारी चर्चमध्ये सर्वांसमोर वाचली जावीत, म्हणजे कोणाची हरकत असेल तर ती आधीच कळेल. लग्नाची नोंदवही ठेवण्याची सक्तीही तिथलीच. या दोन्ही प्रथांच्या मुळाशी विचार एकच आहे. चर्चकडची माहिती ही लोकांच्या उपयोगाची वस्तू आहे, तेव्हा ती ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी आणि कोणालाही समजेल अशी मिळाली पाहिजे. आजच्या संकेतस्थळाकडून याहून वेगळे काही अपेक्षित नाही.

छापखाना भारतात आला तो योगायोगाने. अबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला जायला निघालेले यंत्र सप्टेंबर १५५६ मध्ये गोव्यात उतरले आणि जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात बसवले गेले. पुढच्या काही वर्षांत तिथे प्रश्नोत्तरी, धार्मिक उपदेशाची पुस्तके आणि १५६३ साली गार्सिया द ओर्ता यांचा भारतीय वनौषधींवरचा प्रसिद्ध ग्रंथ छापला गेला. आशियातले हे मोठे पाऊल होते, पण या सुरुवातीच्या छपाईचा वाचक कोण होता ते पाहिले पाहिजे. पुस्तके पोर्तुगीजमध्ये आणि लॅटिनमध्ये होती. ती पाद्री, विद्यार्थी आणि अधिकारी वाचत. गावोगावी बाप्तिस्मा घेतलेल्या कोकणी आणि मराठी माणसाला त्यांतले काही कळत नव्हते. यंत्र गोव्यात, कागद गोव्यात, मात्र वाचक मनाने लिस्बनमध्ये, असा तो प्रकार होता. दक्षिणेत कोल्लम येथे १५७८ साली हेन्रिके हेन्रिकेस यांनी तमिळ भाषेत आणि तमिळ लिपीत प्रश्नोत्तरी छापून दाखवली, तेव्हा गोव्यातली ही उणीव अधिकच उठून दिसली.

ती उणीव भरून काढायचा सर्वांत जाणता प्रयत्न थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने केला. १५७९ साली तो गोव्यात आला आणि आयुष्याचा बहुतेक काळ त्याने साष्टी भागात घालवला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या हातून जुनी पुराणे काढून घेतली होती आणि त्यांच्या जागी द्यायला कोरड्या प्रश्नोत्तरीशिवाय काही नव्हते, ही त्याच्यापुढची अडचण होती. त्याने वाचकाच्या सवयीपासून सुरुवात केली. हे लोक ओवी ऐकत मोठे झाले आहेत, कथा त्यांना पुराणाच्या घाटात हवी आहे, आणि शब्द त्यांच्या कानाला ओळखीचे हवेत. १६१६ साली राचोल येथे छापलेले ‘क्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. बायबलची कथा त्यात मराठी पुराणाच्या चालीने येते. ते एकट्याने वाचण्यापेक्षा समूहात म्हणण्यासाठी रचले होते, आणि पिढ्यानपिढ्या रविवारी, सणावारी चर्चमध्ये ते म्हटलेही गेले. आज ज्याला आराखडा म्हणतात तो इथे पूर्ण आहे. ऐकणारा कोण, तो काय ओळखतो, कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या वेळी ऐकणार आहे, हे सगळे आधी ठरवून मगच रूप ठरवले होते.

पण स्टीफन्सला हवे ते एक साधले नाही, आणि तेच आपल्यासाठी सर्वांत बोधप्रद आहे. १६०८ साली जेझुइट संघाच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात त्याने या देशाच्या भाषेत आणि या देशाच्याच लिपीत पुस्तके छापली जावीत अशी आपली जुनी इच्छा कळवली. अडचणही त्याने सांगितली. युरोपात दोन डझन अक्षरांनी काम भागते, इथली लिपी अक्षरांना मात्रा, जोडाक्षरे लावून बनते, म्हणून सहाशेच्या आसपास साचे लागतील असे लोकांना वाटते, आणि वरिष्ठांच्या आज्ञेवाचून हे होणे नाही. ते झाले नाही. ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले, १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले, आणि तेही रोमनमध्येच. या तीनही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. ग्रंथ टिकला तो भाविकांनी आणि धर्मगुरूंनी केलेल्या हस्तलिखित नकलांमुळे. १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी तो पुन्हा रोमन लिपीत काढला, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यात देवनागरी आवृत्ती काढली तेव्हा तो सामान्य मराठी वाचकाला आपल्या लिपीत वाचता आला. मधे ३४० वर्षे गेली. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेत बसणारी रचना मराठी वाङ्मयाच्या मुख्य रस्त्यावर इतका काळ दिसलीच नाही, याचे मोठे कारण लिपी आहे. मजकूर कितीही चांगला असला तरी तो वाचकाच्या हातातल्या साधनावर उघडत नसेल, तर त्या वाचकापुरता तो नसल्यासारखाच.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यातली ही स्थानिक भाषेतली छपाई थांबली. १६८४ साली व्हाइसरॉयने कोकणीच्या वापरावर बंदी घालून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम काढला. हुकमाने भाषा मेली नाही, पण चर्च आणि त्याचा वाचक यांच्यात अंतर पडले. मराठी मुलखात ख्रिस्ती छपाईने पुन्हा जोर धरला तो एकोणिसाव्या शतकात, वेगळ्या हातांनी. १८१३ साली अमेरिकन मिशनची माणसे मुंबईत आली आणि काही वर्षांतच त्यांनी छापखाना घातला. स्टीफन्सला अडवणारा साच्यांचा प्रश्न त्यांच्यापुढेही होता, पण त्यांनी तो वरिष्ठांवर न टाकता ओतकामाच्या कारखान्यात सोडवला. या छापखान्यात तयार झालेला थॉमस ग्रॅहम याने देवनागरीचे खिळे अधिक लहान, सुबक आणि वाचायला सोपे केले. याच ठिकाणी लहान वयात काम शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे स्वतःचा ओतकारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. संस्कृत आणि मराठी ग्रंथांची शुद्ध, देखणी छपाई म्हणजे निर्णयसागर अशी ओळख झाली ती पुढे. त्याही आधी मिशनचा छापखाना पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभारला आणि १८३१ साली पंचांग छापले. ख्रिस्ती मिशनच्या सोयीसाठी घडवलेले अक्षर पुढे हिंदू पोथ्यांच्याही कामी आले, कारण ते अक्षर वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार करून घडवले होते.

जून १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ निघू लागले. हेन्री बॅलंटाइन त्याचे पहिले संपादक होते. या पत्रात धर्मोपदेश होताच, पण त्याच्या शेजारी भूगोल, खगोल, यंत्रे, आरोग्य, परदेशच्या बातम्या आणि चित्रे होती. बायबलची गोष्ट नको असलेल्या माणसालाही ते हातात घ्यायला कारण मिळत होते. फेब्रुवारी आणि मार्च १८५५ च्या अंकांत जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला. ती ख्रिस्ती नव्हती. तिच्या निबंधात तिच्या समाजाचा आक्रोश होता आणि तो छापायला त्या काळी फार कमी पत्रे तयार झाली असती. आज मराठी दलित साहित्याचा आणि स्त्री लेखनाचा इतिहास लिहिणाऱ्याला ‘ज्ञानोदय’चे ते अंक उघडावेच लागतात. चर्चशी संबंधित माध्यमाला इतके दीर्घ आयुष्य आणि इतका मान कशाने मिळाला, याचे उत्तर या एका नोंदीत आहे. पत्राने आपले पान बाहेरच्या माणसाला दिले.

इथे एक रास्त हरकत येईल. मिशनरी छपाईचा हेतू धर्मांतराचा होता, तिच्यातल्या कित्येक पुस्तिकांनी हिंदू देवदेवतांची आणि चालीरीतींची हेटाळणी केली, मग तिला वाचकाचा विचार करणारी म्हणणे भाबडेपणाचे नाही का? हेतू धर्मांतराचा होता हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि त्या हेटाळणीचे समर्थनही करता येणार नाही. पण परिणामांकडे पाहावे. हेटाळणीला उत्तर तितक्याच तातडीने आले. मोरभट दांडेकरांनी १८४४ साली ‘उपदेशचंद्रिका’ काढली. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातले आणि त्या वादांचा वृत्तान्त पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. म्हणजे वाचकाला खाली पाहायला लावणाऱ्या मजकुराने वाचक जिंकला नाही, प्रतिपक्ष मात्र उभा केला. त्या वादपुस्तिका आज संशोधकांखेरीज कोणी उघडत नाही. टिकले ते देवनागरीचे खिळे, शब्दकोश, शाळा आणि ‘ज्ञानोदय’चे खुले पान. ही हरकत माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, उलट त्याची दुसरी बाजू दाखवते. समोरच्याला अडाणी समजणारे माध्यम, त्यात पैसा आणि यंत्रे कितीही ओतली तरी, पुढच्या पिढीपर्यंत पोचत नाही. संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर अनोळखी वाचकाला पापी किंवा सावज समजून बोलणाऱ्यांनी हा एकोणिसाव्या शतकाचा अनुभव लक्षात घ्यावा.

विसाव्या शतकात हीच दिशा अधिक स्पष्ट झाली. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन या देशी घाटांतून उपासना बांधली. ‘ज्ञानोदय’च्या संपादनातही त्यांचा वाटा होता. स्टीफन्सने ओवी वापरली, टिळकांनी अभंग. दोघांच्या मधल्या पावणेतीनशे वर्षांत मराठी श्रोत्याची नाडी बदलली नव्हती. कॅथलिक चर्चमध्ये मात्र उपासनेची भाषा लॅटिनच राहिली. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक संविधान मंजूर करून लोकभाषेला दार उघडले. त्याच दिवशी समाजमाध्यमांविषयीचा निर्णयही मंजूर झाला, हा योग बोलका आहे. त्यानंतर वसईच्या धर्मग्रामांत मिस्सा मराठीतून होऊ लागली. वसईतून निघणाऱ्या ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे १९८३ पासून सुमारे अडीच दशके होते. त्यांनी त्या मासिकाला साहित्य, समाजकारण आणि पर्यावरण यांच्या चर्चेचे व्यासपीठ केले. वसईची हिरवाई वाचवण्यासाठीच्या हरित वसई लढ्यात ख्रिस्ती आणि हिंदू गावकरी एकत्र आले त्या काळातली ही गोष्ट आहे. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिब्रिटोंकडे आले. एका धर्मगुरूला मराठी वाचकांनी दिलेला हा मान होता, आणि त्यामागे वर्षानुवर्षे सर्वांशी सर्वांच्या भाषेत बोलणारे लेखन होते.

महाजालाकडे कॅथलिक चर्च वळले ते फार उशिरा नव्हे. १९९५ च्या नाताळात व्हॅटिकनने पोपचा संदेश महाजालावर ठेवला आणि १९९७ च्या ईस्टरला संकेतस्थळ पूर्ण रूपात खुले केले. या कामात जुडिथ झोबेलाइन या अमेरिकन फ्रान्सिस्कन भगिनींचा पुढाकार होता. संगणकांना राफाएल, मिखाएल आणि गॅब्रिएल या देवदूतांची नावे दिली होती. पानांची पार्श्वभूमी जुन्या चर्मपत्रासारखी पिवळसर होती आणि वर्षानुवर्षे ती तशीच राहिली. दिसायला ते जुनाट होते, शोधायला किचकट होते, तरी जगभरचे अभ्यासक आणि पत्रकार तिथे जात राहिले, कारण पोपची परिपत्रके, परिषदांचे दस्तऐवज आणि भाषणे तिथे पूर्ण मजकुरासह, अनेक भाषांत, विनामूल्य मिळत होती. सजावटीपेक्षा मजकूर आणि भाषा यांना वजन असते याचा हा आधुनिक पुरावा. त्याचबरोबर हेही खरे की चर्मपत्राची ती पार्श्वभूमी वाचणाऱ्याच्या सोयीसाठी नव्हती. ती संस्थेच्या पुरातनत्वाची जाणीव करून देण्यासाठी होती. गावातल्या छोट्या चर्चने व्हॅटिकनकडून काही उचलायचे असेल तर मजकुराचा मोकळेपणा उचलावा, चर्मपत्र नव्हे.

मराठी चर्चना महाजालावर पहिली दोन दशके स्टीफन्सचीच अडचण आली, हा इतिहासातला एक चमत्कारिक योग आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती. पण घराघरांतल्या संगणकांवर तिची सोय होईपर्यंत बरीच वर्षे गेली, आणि त्या काळात मराठी मजकूर खासगी फाँटमध्ये टंकला जाई. तो फाँट नसलेल्या संगणकावर अक्षरांऐवजी निरर्थक खुणा दिसत. उपाय म्हणून अनेकांनी मराठी मजकुराची चित्रे करून पानावर चिकटवली. चित्रातले अक्षर शोधयंत्राला वाचता येत नाही, अंध वाचकाला ते ऐकवणारी प्रणाली तिथे मुकी होते, आणि छोट्या फोनवर ते मोठे करून पाहावे लागते. आज ती तांत्रिक अडचण उरलेली नाही, सवय मात्र उरली आहे. अजूनही साप्ताहिक पत्रक चित्ररूपात किंवा स्कॅन करून टाकले जाते आणि संकेतस्थळ मराठीत आहे असे समाधान मानले जाते. १६१६ साली राचोलच्या छापखान्याकडे देवनागरीचे खिळे नव्हते. आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये ते आहेत. तरीही मजकूर शोधता येणार नाही अशा रूपात ठेवणे याला कारण फक्त आळस.

मग चांगल्या संकेतस्थळाचे काम नेमके काय? माहीमचे सेंट मायकल चर्च उदाहरणादाखल घ्यावे. तिथे १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना होते आणि दिवसभर वेगवेगळ्या भाषांत प्रार्थना चालतात. येणाऱ्या गर्दीत ख्रिस्ती नसलेल्यांची संख्या मोठी असते. अशा माणसाला पोपचे परिपत्रक नको असते. त्याला मराठीतली प्रार्थना किती वाजता, स्टेशनहून कसे यायचे, मेणबत्ती कुठे लावायची, ख्रिस्ती नसताना आत बसले तर चालते का आणि प्रसाद घ्यायचा की नाही, हे हवे असते. शेवटचा प्रश्न तो कोणाला विचारत नाही, संकोचाने बाहेरच थांबतो. संकेतस्थळ हे उत्तर न विचारता देऊ शकते. दुसरा वाचक म्हणजे बदली होऊन आलेले कुटुंब, ज्याला मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग आणि बाप्तिस्म्याची पूर्वतयारी कधी हे हवे. तिसरा म्हणजे परदेशातून घराण्याच्या नोंदी शोधणारा, ज्याला ट्रेंटच्या परिषदेपासून चालत आलेल्या त्या वह्यांतला दाखला हवा आहे. चौथा म्हणजे अडचणीत सापडलेला माणूस, ज्याला रात्री उचलला जाईल असा फोन नंबर हवा. या चौघांना पहिल्या पानावर, साध्या मराठीत, अद्ययावत उत्तर मिळाले तर आराखडा चांगला, नाही तर नाही. वेदीचे छायाचित्र जरूर असावे, पण ते उत्तराच्या वाटेत येऊ नये.

यावर कोणी म्हणेल की आता व्हॉट्सॲपचे गट आहेत, सूचना क्षणात पोचतात, संकेतस्थळाची गरजच काय. गटाची उपयुक्तता मान्य. पण गटात कोण असते? ज्याला आधीच घेतले आहे तो. वर सांगितलेल्या चौघांपैकी एकही त्या गटात नाही. शिवाय गटातली सूचना दोन दिवसांत शंभर शुभेच्छांखाली गाडली जाते आणि पुढच्या वर्षी सापडत नाही. लग्नाची घोषणा ज्या दिवशी केवळ आप्तेष्टांत झाली असती त्या दिवशी तिचा उद्देशच संपला असता. चर्चने ती सर्वांसमोर केली. गट हा धर्मग्रामाच्या आतल्या बोलण्यासाठी आहे आणि संकेतस्थळ चर्चच्या दारासारखे आहे. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

याहून गंभीर हरकत श्रद्धेच्या बाजूने येते. चर्च म्हणजे एकत्र जमणारी माणसे, संस्कार हे प्रत्यक्षात होतात, आणि पडद्याची सवय लागली की लोक घरी बसूनच समाधान मानतील. ही भीती निराधार नाही. व्हॅटिकनने २००२ साली चर्च आणि इंटरनेट यांवर काढलेल्या दस्तऐवजातही महाजालावर संस्कार होत नाहीत असे स्पष्ट म्हटले आहे. २०२० च्या टाळेबंदीत ईस्टरला चर्च बंद होती आणि मिस्सा पडद्यावर दाखवली गेली, तेव्हा ही गोष्ट भाविकांनीच तीव्रतेने अनुभवली. म्हणूनच संकेतस्थळाने उपासनेची जागा घेऊ नये. घंटेने कधी मिस्सा केली नाही, तिने फक्त बोलावले. पडद्यावर उपासनेचा देखावा उभा करण्यात पैसा घालणारे चर्च ही मर्यादा ओलांडते. वेळ, वाट आणि स्वागत सांगणारे चर्च तिच्या आत राहते, आणि माणसाला घरातून उठवून आणायचे काम तेच करते.

भाषेविषयीही एक प्रश्न उरतो. शहरातली तरुण पिढी इंग्रजी वाचते, मग मराठीचा आग्रह का? आग्रह मराठीचा नाही, वाचकाचा आहे. गोव्यात कॅथलिक समाजाचे कोकणी वाचन आजही मोठ्या प्रमाणावर रोमन लिपीत चालते. तिथल्या चर्चने केवळ देवनागरीचा हट्ट धरला तर तो स्टीफन्सला सोसाव्या लागलेल्या अडचणीचा उलटा प्रकार होईल. वसईत घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलली जाते, पण वाचन देवनागरी मराठीत होते. वांद्र्यात इंग्रजी, तर पुढच्याच गल्लीतल्या कामगार वस्तीत मराठी आणि हिंदी. प्रत्येक चर्चने आपल्या परिसरातले वाचक पाहून भाषा आणि लिपी ठरवावी. त्यात इंग्रजी आली तरी हरकत नाही. फक्त इंग्रजी ठेवून ‘सर्वांना समजते’ असे गृहीत धरणे म्हणजे १५५६ च्या गोव्यातली पोर्तुगीज छपाई पुन्हा करणे होय.

या सगळ्या इतिहासात टिकलेल्या माध्यमांमागे एक समान गोष्ट आहे, आणि ती यंत्रात नाही. ‘क्रिस्तपुराणा’मागे स्टीफन्स होता, ‘ज्ञानोदय’मागे बॅलंटाइन आणि पुढचे संपादक, ‘सुवार्ता’मागे दिब्रिटो. प्रत्येक ठिकाणी रोज वाचकाचा विचार करणारे कोणीतरी होते. आजच्या चर्चच्या संकेतस्थळांना बहुधा आराखडा करणारा मिळतो, संपादक मिळत नाही. म्हणून उद्घाटनाच्या दिवशी ती झळकतात आणि पुढच्या नाताळापर्यंत त्यांवरच्या वेळा चुकीच्या ठरतात. धर्मग्राम परिषदांना आणि मंडळींच्या पंचांना माझी सूचना एवढीच आहे: संकेतस्थळाचा खर्च मंजूर करण्याआधी ते दर आठवड्याला कोण तपासणार त्याचे नाव ठरवा, आणि ते नाव धर्मगुरूंचे नसले तर उत्तम, कारण धर्मगुरूंची बदली होते. मग ज्यांनी तुमच्या चर्चमध्ये कधी पाऊल ठेवलेले नाही अशा दोघा-तिघांना ते फोनवर उघडायला सांगा. त्यांना येत्या रविवारची वेळ एका मिनिटात सापडली नाही, तर रंग बदलू नका, मजकूर बदला.